चौथ्या अक्षाची दिशा: व्हीएमसीवरच्या रोटरी टेबलाचं प्लस-मायनस नीट कसं बसवायचं

भोसरी, चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या छोट्या शॉपमध्ये मशीन आधी येतं आणि रोटरी टेबल मागाहून, बरेचदा सेकंड-हँड. केबल जोडली, टेबल फिरलं, अलार्म नाही आला, की बसलं असं धरून जॉब चढवला जातो. दिशा उलटी असली तरी पहिले काही महिने कुणाला पत्ता लागत नाही, कारण चारही बाजूंना सारखीच भोकं असलेला जॉब उलट फिरवूनही बरोबरच निघतो. शून्य आणि १८० अशा समोरासमोरच्या दोनच तोंडांचा जॉबही तसाच. मग एक दिवस ९० ला एक पोर्ट आणि २७० ला दुसरा अशी बॉडी येते, किंवा एखादा हेलिकल खाचेचा शाफ्ट येतो, आणि अख्खा लॉट आरशातल्यासारखा उलटा तयार होतो.

खालचा क्रम उभ्या व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरवर, एक्सला समांतर बसवलेल्या ए अक्षासाठी (एक्सभोवती फिरणाऱ्या चौथ्या अक्षासाठी) आहे. पॅरामीटर, म्हणजे कंट्रोलरमधल्या सेटिंगचे क्रमांक, मुख्यतः फॅनक ०आय कंट्रोलरच्या कुळातले आहेत. सीमेन्स आणि मित्सुबिशीचे जिथे लागतात तिथे दिले आहेत.

## १. प्लस म्हणजे कुठे, हे आधी ठरवा

आयएसओ ८४१ या मानकात अक्षाची दिशा ठरते ती जॉबच्या तुलनेत टूल कुठे जातं यावरून. टेबल कुठे सरकतं यावरून नाही. हलत्या टेबलाच्या व्हीएमसीवर एक्स प्लस दाबलं की टेबल डावीकडे जातं, हे रोज डोळ्यांसमोर घडतं आणि कुणी त्याला उलटं म्हणत नाही, कारण जॉबच्या हिशोबाने टूल उजवीकडे गेलेलं असतं. रोटरीलाही हाच न्याय लागतो. घोळ होतो तो इथे: एक्स, वाय, झेड टूलच्या बाजूने वाचायचे आणि ए मात्र फेसप्लेटकडे, म्हणजे टेबलाच्या फिरत्या तबकडीकडे, बघून ठरवायचा.

उजव्या हाताचा अंगठा एक्स प्लसकडे, म्हणजे ऑपरेटरच्या उजवीकडे धरा. बाकीची बोटं वळतात ती ए प्लसची दिशा, पण टूलची. वर असलेलं टूल त्या दिशेने ऑपरेटरकडे यायला बघतं. टूल जागचं हलत नाही, म्हणून जॉबने उलट फिरायचं. त्यामुळे ए प्लसला जॉबचा वरचा भाग कॉलमकडे जातो आणि ऑपरेटरकडचं तोंड वर येतं.

एवढं एक वाक्य मशीनवर चिकटवून ठेवा: ए शून्यवरून ए प्लस ९० दिलं की पुढचं तोंड वर आलं पाहिजे. घड्याळाच्या दिशेने की विरुद्ध, ही भाषा शॉपमध्ये वापरूच नका. रोटरी टेबल उजवीकडे बसवलं असेल तर फेसप्लेटच्या समोरून पाहताना ए प्लसला ती घड्याळाच्या उलट फिरते. तेच टेबल उचलून डावीकडे बसवलं की प्लेट उजवीकडे तोंड करते आणि समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरायला हवी. बघणारा कुठे उभा आहे त्यावर उत्तर बदलतं, म्हणून दोघांचं भांडण होतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पुढचं तोंड वर, याला बाजू नाही.

सावधान: टेबल उजवीकडून डावीकडे हलवलं की मोटरची दिशा बदलावीच लागते. जागा बदलून पॅरामीटर तसाच ठेवणं, हे या पट्ट्यात दिशा उलटी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. चिप कन्व्हेयर आड येतो म्हणून टेबल हलवलं जातं आणि पुढचं कुणी विचारत नाही.

## २. हात लावण्याआधी

या कामात कंट्रोलर दोन-चार वेळा बंद-चालू करावा लागतो. गुरुवारी, म्हणजे लाइट जाण्याच्या दिवशी, किंवा शिफ्ट बदलताना हे काम काढू नका. अर्ध्यात सोडलेलं दिशेचं काम दुसऱ्या शिफ्टच्या माथी मारण्यासारखं वाईट नाही.

- पॅरामीटर, पिच एरर डेटा, मॅक्रो व्हेरिएबल, ऑफसेट आणि प्रोग्राम मेमरी कार्डवर काढा. कार्ड कॉम्प्युटरला लावून फाइल उघडते का तेही बघा. रिकामी फाइल हा बॅकअप नव्हे.
- त्याशिवाय वहीत हाताने लिहा: १००६, १००८, १०२०, १२६०, १८१५, १८२१, १८५०, १८५१, २०२२, २०८४, २०८५, चौथ्या अक्षापुढचे आकडे. बिटवाले पॅरामीटर आठही बिटांसकट उतरवा. फोटो काढला तर तो मशीनच्या फाइलमध्ये जाऊ दे, नुसता सेटरच्या मोबाइलमध्ये नको.
- जॉब, फिक्स्चर, चक सगळं उतरवा. झेड वर होमला. टेलस्टॉक मागे.
- क्लॅम्पला लागणारी हवा किंवा हायड्रॉलिक प्रेशर गेजवर बघा. ब्रेक सुटत नसताना टेबल फिरवलं तर अलार्म येतो आणि दोष दिशेवर ढकलला जातो.
- मोटरची आणि हवेची केबल पूर्ण एक फेरा दोन्ही बाजूंना खेचली न जाता सुटी आहे का, हाताने हलवून बघा.

टेबल नुकतंच बसवलं असेल तर आधी त्याची समांतरता घ्या. टेस्ट बारवर डायल लावून वरून आणि बाजूने १५० मिलिमीटरमागे ०.०१ पर्यंत आणा, टी-बोल्ट आवळा आणि आवळल्यावर पुन्हा बघा. दिशा तपासण्यासाठी ही बारकाई लागत नाही, पण पुढे बॅकलॅश मोजताना वाकडं टेबल खोटे आकडे देतं.

## ३. आधी माप, मग दिशा

गिअरचं प्रमाण चुकलं असेल तर दिशेची तपासणी निरर्थक. फेसप्लेटच्या कडेला आणि बॉडीवर समोरासमोर एक बारीक रेघ मारा. एमडीआयमध्ये (हाताने एकेक ओळ टाकून चालवायच्या मोडमध्ये) जी९१ जी१ ए३६०. एफ१००० द्या. जी९१ म्हणजे इन्क्रिमेंटल, आहे त्या जागेपासून पुढे. रेघा पुन्हा जुळल्या पाहिजेत. इथे एफ म्हणजे मिनिटाला अंश, म्हणजे हा फेरा २० सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेईल.

जुळल्या नाहीत तर २०८४ आणि २०८५ बघा. ९०:१ चं वर्म गिअर असेल तर मोटरच्या एका फेऱ्याला टेबल ४ अंश फिरतं. ०.००१ अंशाच्या हिशोबाने ते ४००० पल्स झाले. ४००० भागिले १० लाख म्हणजे १/२५०, म्हणून २०८४ ला १ आणि २०८५ ला २५०. वर्म १८०:१ असेल तर १/५००. सेकंड-हँड टेबलाची नेमप्लेट नसेल तर मोटर काढून इनपुट शाफ्ट हाताने फिरवा आणि मोजा, अंदाजाने आकडा टाकू नका.

तपासणी: एक फेरा बरोबर आला की दहा फेरे द्या. एका फेऱ्यात न दिसणारी चूक दहा फेऱ्यांत रेघ सरकवते.

## ४. आहे ती दिशा बघा

फेसप्लेटवर किंवा चकमध्ये एक चौकोनी तुकडा पकडा, ऑपरेटरकडच्या तोंडावर मार्करने ‘पुढे’ लिहा, वरच्यावर ‘वर’. पोझिशन पानावर मशीन कोऑर्डिनेट उघडा. ॲब्सोल्युट किंवा रिलेटिव्ह नको, त्यात ऑफसेट मिसळलेला असतो.

१. हँडल ×१०० वर ठेवा, म्हणजे एका खाचेला ०.१ अंश. ए निवडून प्लसकडे फिरवा. आकडा वाढतोय का, आणि ‘पुढे’ लिहिलेलं तोंड वर यायला लागलंय का, दोन्ही लिहा.

२. जॉगमध्ये प्लसचं बटण थोडं दाबा. तेच दोन प्रश्न.

३. एमडीआयमध्ये, सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड २५ टक्के: जी९१ जी१ ए३०. एफ३००. तेच दोन प्रश्न.

४. कॅममधून (प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढलेला एखादा छोटा इंडेक्सिंग प्रोग्राम, हवेत. ए९० नंतर कोणतं तोंड वर आलं?

कोन नेहमी १८० च्या आत घ्या. ए२७० देऊन दिशा तपासायची नाही. टेबलाचा रोल-ओव्हर (३६० झाले की आकडा पुन्हा शून्यापासून, पायरी ८ बघा) चालू असेल तर शून्यवरून २७० ला ते जवळच्या वाटेने, म्हणजे मायनसकडून ९० अंश जातं. बघणारा म्हणतो दिशा उलटी, आणि बरोबर असलेला पॅरामीटर बदलून बसतो.

## ५. उलटेपणा नेमका कुठे आहे

चार उत्तरं हातात आली की मगच निदान. दिशा बदलता येईल अशा जागा तीन-चार आहेत, आणि दोन ठिकाणी बदलली तर ती एकमेकांना खाऊन टाकतात. मशीन वरवर बरोबर चालतं आणि पुढच्या माणसाने एक जागा दुरुस्त केली की सगळं पुन्हा उलटं. म्हणून एकच जागा: कंट्रोलर.

आकडा वाढतोय पण ‘पुढे’ खाली जातंय, सगळ्याच मोडमध्ये: मोटरची दिशा उलटी. पायरी ६ ला जा.

प्लसचं बटण दाबल्यावर आकडाच कमी होतोय, पण एमडीआयमध्ये सगळं ठीक: दोष अक्षाचा नाही, बटणाच्या जोडणीचा किंवा लॅडरचा, म्हणजे बटणं-सिग्नल सांभाळणाऱ्या मशीनच्या आतल्या प्रोग्रामचा आहे. पॅरामीटरला हात लावू नका. हँडलवर हा प्रकार दिसला तर पल्स जनरेटरच्या दोन सिग्नल वायर अदलाबदल झालेल्या असतात.

हँडल आणि जॉग बरोबर, पण एमडीआयमध्ये ए३०. दिल्यावर मशीन कोऑर्डिनेट मायनसमध्ये जातोय: कुणीतरी मिरर इमेज, म्हणजे प्रोग्राममधली दिशा उलटवणारी सेटिंग, चालू ठेवली आहे. सेटिंग पानावर ए अक्षापुढे १ दिसेल. हे जुगाड फार सापडतं, कारण पॅरामीटर न उघडता होतं. मिरर इमेज हाताने चालवण्यावर लागू होत नाही, म्हणून सेटरने जॉगने शून्य घेताना अक्ष एका बाजूला जातो आणि प्रोग्राममध्ये दुसऱ्या. शून्यावर आणा आणि पायरी ४ पुन्हा करा. खरी मोटरची दिशा तेव्हाच दिसेल.

तिन्ही बरोबर, फक्त कॅमचा प्रोग्राम उलटा: दोष पोस्टचा, म्हणजे कॅमचा टूलपाथ मशीनच्या कोडमध्ये उतरवणाऱ्या फाइलचा. पायरी १० ला जा आणि कंट्रोलर तसाच ठेवा.

सावधान: दिशा बदलायची म्हणून सर्वो मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू मधल्या दोन वायर फिरवू नका. तीन फेजच्या पंपाला हे चालतं. सर्वोला मागे एन्कोडर आहे आणि त्याला कळतं की मोटर सांगितल्यापेक्षा वेगळं करते आहे. नशीब बरं असेल तर अलार्म येतो, नाहीतर टेबल सुटतं.

## ६. कंट्रोलरमध्ये दिशा बदलणं

फॅनकवर आधी १८१५ चा बिट १ बघा. तो १ असेल तर टेबलावर वेगळा एन्कोडर आहे. अशा वेळी मोटरची दिशा एकटी बदलली की मोटर एकीकडे आणि टेबलाचा एन्कोडर दुसरंच सांगतोय अशी अवस्था होते. २०१८ चा बिट ० त्या एन्कोडरचा सिग्नल उलटवतो, पण हे काम मशीन बनवणाऱ्याच्या सर्व्हिस माणसासमोरच करा. १८१५ चा बिट १ शून्य असेल तर पुढे चला.

१. इमर्जन्सी दाबा. एमडीआय मोड. सेटिंग पानावर पॅरामीटर राइट १ करा. १०० क्रमांकाचा अलार्म येईल, तो अपेक्षित आहे.

२. पॅरामीटर २०२२, चौथा अक्ष. १११ असेल तर −१११ करा, −१११ असेल तर १११. तिसरा कुठलाही आकडा तिथे नसतो. सगळ्या अक्षांच्या ओळी एकाखाली एक असतात, म्हणून कर्सर ए वर आहे हे दोनदा वाचा. झेडची दिशा फिरवली तर काय होईल ते लिहायला नको.

३. पॅरामीटर राइट परत ०. मशीन बंद करा, थोडं थांबा, चालू करा. पॉवर बंद करायला सांगणारा अलार्म रिसेटने घालवायचा प्रयत्न करू नका.

४. इमर्जन्सी सोडताना एक हात बटणावरच ठेवा. टेबल जागचं हललं किंवा ४१० / ४११ चा अलार्म आला तर लगेच दाबा आणि जुना आकडा परत टाका. नुसत्या २०२२ ने असं होत नाही. झालं तर वायरिंगमध्ये आधीच कुणीतरी काहीतरी करून ठेवलेलं आहे.

५. पायरी ४ मधला हँडलचा भाग पुन्हा. आकडा वाढतोय, ‘पुढे’ वर येतंय.

सीमेन्सवर मशीन डेटा ३२१०० मध्ये १ आणि −१ ची अदलाबदल. त्याच्या खालीच ३२११० आहे, तो एन्कोडरच्या सिग्नलचा. क्रमांक जवळजवळचे आणि आकडेही तेच १ / −१, म्हणून लोक तो बदलतात आणि एनेबल होताच अक्ष पळतो. मित्सुबिशीवर १०१८ मध्ये ० किंवा १.

## ७. शून्य पुन्हा घ्या

दिशा फिरवली की जुना शून्य गेला असं समजा, अलार्म आला नाही तरी.

ॲब्सोल्युट एन्कोडर असेल तर बहुधा ३०० चा अलार्म रेफरन्स मागतो. टेबलाच्या अंशांच्या कड्यावरचं शून्य व्हर्नियरशी जुळवा, किंवा फेसप्लेटच्या टी-स्लॉटला डायल लावून स्लॉट वाय दिशेत सपाट करा. हे डायलने केलेलं जास्त चांगलं, कड्यावरची रेघच अर्ध्या मिलिमीटरची असते. शून्याकडे नेहमी प्लस दिशेने या, म्हणजे वर्मची ढील एकाच बाजूला राहते. मग १८१५ चा बिट ४ एक करा आणि मशीन बंद-चालू.

डॉग स्विचवर (टेबलावरच्या ठोकळ्याने दाबल्या जाणाऱ्या स्विचवर) होम घेणारं टेबल असेल तर एक जास्तीचं काम. होमची दिशा १००६ च्या बिट ५ वर आहे: ० म्हणजे प्लसकडे, १ म्हणजे मायनसकडे. मोटर उलटी केल्यामुळे तोच बिट ठेवला तर टेबल आता डॉगवर दुसऱ्या बाजूने येईल आणि होम वेगळ्याच जागी लागेल. पूर्वीच्याच बाजूने यायचं असेल तर बिट उलटा करा. पहिलं होम रॅपिड सगळ्यात कमी ठेवून घ्या, आणि ग्रिड शिफ्ट १८५० नव्याने जुळवा.

जी५४ (जॉबच्या शून्याचा ऑफसेट) मधला ए चा आकडा पुसा. जुना आकडा जुन्या दिशेचा आहे, त्याचं नुसतं चिन्ह बदलून भागत नाही.

तपासणी: होम तीन वेळा घ्या, प्रत्येक वेळी वेगळ्या कोनातून. डायल त्याच जागी यायला हवी.

## ८. ३६० च्या पलीकडे काय होतं

दिशा बरोबर असूनही तोंड चुकतं ते इथे. १००६ चे बिट ० आणि १ टेबल कोणत्या जातीचं ते सांगतात. बिट ० एक आणि बिट १ शून्य असेल तर ए प्रकारचा रोटरी अक्ष, मशीन कोऑर्डिनेट शून्य ते ३६० मध्येच फिरतो. दोन्ही एक असतील तर बी प्रकार, आकडा सरळ वाढत जातो. १२६० मध्ये एका फेऱ्याचे ३६० अंश असायला हवेत.

१००८ चा बिट ० एक असला की रोल-ओव्हर चालू. मग बिट १ महत्त्वाचा:

- बिट १ शून्य: ॲब्सोल्युटमध्ये टेबल जवळच्या वाटेने जातं. ए−९०. दिलं तरी २७० च्याच जागी येतं. नेहमीच्या इंडेक्सिंगला हेच ठेवा.
- बिट १ एक (काही कंट्रोलवर यासाठी बिट ३ एक लागतो): चिन्ह म्हणजे फक्त फिरायची बाजू, आणि आकडा म्हणजे पोहोचायची जागा. ए−९०. दिलं की टेबल मायनसकडून फिरत फिरत ९० वर जातं, २७० वर नाही.

दुसरा प्रकार माहीत नसलेला माणूस हमखास फसतो. कॅमचं पोस्ट २७० ऐवजी −९० लिहितं, टेबल मायनसकडे फिरताना दिसतं म्हणून सगळे निश्चिंत, आणि टूल मागच्याऐवजी पुढच्या तोंडावर उतरतं. १८० अंशांनी चुकलेलं तोंड दिसलं की आधी हा बिट बघा, २०२२ नव्हे.

रोल-ओव्हर चालू असताना ॲब्सोल्युटमध्ये ए७२०. दिलं तर ते शून्यच धरलं जातं आणि टेबल हलत नाही. लांब हेलिक्स इन्क्रिमेंटलमध्ये लिहा.

सीमेन्सवर ही भानगड प्रोग्राममध्येच मिटते: डीसी म्हणजे जवळची वाट, एसीपी प्लसकडून, एसीएन मायनसकडून. कंसातला आकडा तिन्हींना तोच.

## ९. क्लॅम्प, ढील आणि पिच एरर

क्लॅम्प-अनक्लॅम्पला बऱ्याच मशीनवर एम१० आणि एम११ असतात, पण हे मशीन बनवणारा ठरवतो. काहींकडे दुसरीच जोडी आहे. मॅन्युअलमधली यादी बघून सेटअप शीटवर लिहा.

ढील मोजायला फेसप्लेटवर केंद्रापासून १०० मिलिमीटरवर डायल टेकवा. त्या अंतरावर ०.०१ अंश म्हणजे साधारण ०.०१७ मिलिमीटर. प्लसकडून ५ अंश येऊन शून्य करा, आणखी ५ अंश पुढे जाऊन मायनसकडून त्याच जागी परत या. फरक अंशात बदलून १८५१ शी ताडून पाहा. वर्म घासलेलं असेल तर भरपाईने दोष लपत नाही, वर्मची सेटिंगच करावी लागते.

पिच एररची भरपाई भरलेली असेल तर ती आता चुकीच्या अंशांना लागू होते आहे: जी दुरुस्ती ३० अंशाला हवी ती ३३० ला पडते. नव्याने मोजेपर्यंत ए अक्षाची भरपाई बंद ठेवलेली बरी.

## १०. पेनची चाचणी

इंडेक्सिंगने दिशा कळते, पण एक्स आणि ए एकत्र चालताना काय होतं ते बघायला हीच चाचणी. धातू लागत नाही, दहा मिनिटांत होते, आणि यात वाद घालायला जागा उरत नाही.

५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा चक आणि टेलस्टॉकमध्ये धरा. त्यावर पांढरा कागद घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावा, जोड खाली राहू दे. कॉलेटमध्ये जाड टोकाचा स्केच पेन धरा, बाहेर कमीत कमी. स्पिंडल बंद, आणि या प्रोग्राममध्ये एम३ कुठेच नको. वाय पाइपच्या मध्यावर आणा, झेड हळूहळू उतरवून टोक कागदाला नुसतं टेकवा.

एमडीआयमध्ये एकेक ओळ:

जी९१ जी१ एक्स३०. ए६०. एफ२००
जी० झेड५०.
जी० ए−६०.

मशीन जिथून निघालं त्या कोनात परत आलं. आता वरून बघा. रेघ पाइपच्या वरच्या कण्यावर सुरू होऊन उजवीकडे जाता जाता तुमच्या बाजूला उतरलेली दिसली पाहिजे. शेजारी एक साधा एम१२ बोल्ट पाइपला समांतर आडवा धरा. बोल्टच्या आट्यांचा कल आणि रेघेचा कल एकाच बाजूला असेल तर हेलिक्स उजव्या हाताचं, म्हणजे दिशा बरोबर. उलट्या बाजूला असेल तर डाव्या हाताचं, आणि कुठेतरी अजून एक उलटं लपलेलं आहे.

या चाचणीत रोटरी टेबल डावीकडे आहे की उजवीकडे, बोल्टचं डोकं कुठे आहे, याने काही फरक पडत नाही. एक्स प्लस आणि ए प्लस एकत्र म्हणजे उजवं हेलिक्स, कायम.

एफचं एक ध्यानात ठेवा: एक्स आणि ए एकत्र असताना फॅनक अंश आणि मिलिमीटर एकाच मापात धरून वेग वाटतो. त्यामुळे प्रत्यक्ष कटिंगमध्ये टोकाचा वेग व्यासावर अवलंबून राहतो. मोठ्या व्यासावर तोच एफ टूल मोडू शकतो. कॅममधून काढताना इन्व्हर्स टाइम, म्हणजे जी९३, वापरता आलं तर वापरा.

हाताने लिहिलेल्या ओळी बरोबर निघाल्यावर मगच पोस्टकडे वळा. ४० × ४० च्या चौकोनी ॲल्युमिनियम तुकड्याचं मॉडेल करा आणि चार तोंडांवर १, २, ३, ४ असे आकडे कोरायचा टूलपाथ काढा. पहिलं तोंड वर, दुसरं ऑपरेटरकडचं. मशीनवर कोरलेला तुकडा स्क्रीनवरच्या मॉडेलशेजारी धरा. २ आणि ४ ची अदलाबदल झाली असेल तर पोस्टमध्ये रोटरी अक्षाच्या दिशेचा वेक्टर उलटा आहे: बहुतेक पोस्टमध्ये तो १, ०, ० किंवा −१, ०, ० असा असतो. तेवढं चिन्ह बदला, फाइल नव्या नावाने ठेवा, जुनी फाइल सगळ्या कॉम्प्युटरवरून हलवा. एकाच मशीनची दोन पोस्ट दोन टेबलांवर राहिली की महिन्याभरात चुकीची वापरली जातेच.

## ११. बी आणि सी अक्ष असतील तर

एचएमसीवर (आडव्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरवर) वाय वर जातो, त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा वर धरा. बी प्लसला टेबल वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरायला हवं. पाच अक्षांच्या मशीनवर सी टेबल झेडभोवती फिरतं, तिथेही सी प्लसला वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने. मात्र स्पिंडल-हेडच फिरणारं असेल तर टूल स्वतः हलतं, आणि बोटं वळतात त्याच बाजूला हेड वळलं पाहिजे. पाच अक्षांवर टूल सेंटर कंट्रोल वापरत असाल तर दिशेचा पॅरामीटर एकट्याने बदलू नका, मशीनची भूमिती सांगणारे पॅरामीटरही त्याच्याशी बांधलेले असतात.

## १२. जुने प्रोग्राम

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण तोवर मशीन बरोबर झालेलं असतं. उलट्या दिशेवर सिद्ध झालेला प्रत्येक प्रोग्राम आता उलटा चालेल. पूर्वी कुणीतरी हाताने ए९० चं ए२७० करून तो जमवलेला असतो आणि त्याची नोंद कुठेच नसते.

मशीनच्या मेमरीतले आणि कॉम्प्युटरवरचे ए असलेले सगळे प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. तीन गठ्ठे करा. फक्त शून्य आणि १८० वापरणारे किंवा चारही तोंडं सारखी असलेले: एकदा हवेत चालवून परत घ्या. वेगवेगळे कोन असलेले: शक्य असेल तर नव्या पोस्टने पुन्हा काढा, हाताने चिन्हं बदलत बसू नका, सब-प्रोग्राममधलं एखादं जी९१ नजरेतून सुटतं. हेलिक्सचे: पुन्हा काढलेच पाहिजेत, आणि पहिला पीस ड्रॉइंगवरच्या हाताशी, म्हणजे आरएच की एलएच, ताडूनच पास करा.

परत घेतलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत कॉमेंट टाका: ए प्लस, पुढचं तोंड वर, आणि तारीख. ही ओळ नसलेला चौथ्या अक्षाचा प्रोग्राम मेमरीत चढवायचा नाही, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.